‘बरंय’च्या पुढचं बोलणं

अगं, आधी ते रजिस्टर मिट आणि दोन घास खाऊन घे. रिकाम्या पोटी माणसाला सगळी दारं बंदच दिसतात. नवीन आशा सेविका म्हणून लागलीस, हुरूपानं घरोघर फिरलीस आणि प्रत्येक उंबऱ्यावर एकच उत्तर मिळालं, “काय न्हाय माय, बरंय की समदं.” पाळीचं विचारलं, बरंय. कंबरेचं विचारलं, बरंय. घरात काही त्रास? तेही बरंय. आणि आता तुला वाटतंय, हे काम काही आपल्याच्यानं व्हायचं नाही.

खरं सांगू का, न होण्यासारखं यात काही नाही. तुला प्रश्न वाचायला शिकवलेत, बाईला बोलतं करायला शिकवायचं राहून गेलंय, एवढंच. प्रशिक्षणात आजारांची नावं असतात, गोळ्या असतात, रकाने असतात. समोरची मान खाली घालून पदराचं टोक पिळत बसली की काय करायचं, ते ज्याचं त्यानं शिकायचं. तर आज ते बोलू.

आपल्या भाषेत याला किती शब्द आहेत बघ. विचारणं वेगळं, खोदून खोदून विचारणं वेगळं, वदवून घेणं आणखी वेगळं. वदवून घेणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असतं, ते फक्त समोरचीच्या तोंडून बाहेर पडायचं बाकी असतं. पोलीस हे करतात, काही सासवाही करतात. खनपटीला बसलीस तर उत्तर मिळेल, पण ते तू एकदाची उठून जावीस म्हणून दिलेलं असेल. बोलतं करण्यात मात्र बोलणारी ती असते आणि तू निमित्त असतेस. तुझं काम हे शेवटचं. बाकीच्या प्रकारांची सवय आपल्याला घरातच लागते गं. माझंच बघ, लग्नानंतर मी नवऱ्याला रोज “आज भाजी चांगली झालीय ना?” असं विचारायचे आणि रोज चांगली झाली असं समजायचे!

आता त्या ‘बरंय’कडे नीट बघ. ते खोटं नाही, आळसही नाही. ते शहाणपणाचं उत्तर आहे. तू याच गावाची सून. तुझी सासू तिच्या सासूबरोबर वारीला जाते, तुझा दीर तिच्या नवऱ्याबरोबर पारावर बसतो. तिनं तुला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत कुठं कुठं पोचेल, याचा हिशोब तिनं तू चप्पल काढेपर्यंत केलेला असतो. शिवाय तुझ्याआधी कितीजण येऊन गेलेत. कुणी राशनचं विचारून गेलं, कुणी ऊसतोडीच्या ओळखपत्राचं, कुणी मतदार यादीचं. प्रत्येकानं लिहून नेलं, फिरून कुणी आलं नाही. म्हणून ‘बरंय’ म्हणजे तिनं लावलेली कडी आहे, असं समज. ती आतून लावलेली असते, तेव्हा उघडणारही आतूनच.

आणि उघडली नाही तर काय होतं, हे आपल्या बीड जिल्ह्याइतकं कुणाला माहीत असणार? २०१९चा उन्हाळा आठव. आपल्याकडच्या ऊस तोडणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या तरुणपणीच काढल्या जातात, अशा बातम्या त्या एप्रिलमध्ये आल्या आणि देशभर गाजल्या. राष्ट्रीय महिला आयोगानं राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस काढली. विधान परिषदेत सरकारनं सांगितलं की जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत तीन वर्षांत अशी ४,६०५ ऑपरेशनं झाली. हा झाला दवाखान्याच्या कागदांवरचा आकडा. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ऊसतोड करणाऱ्या बायकांनाच विचारायचं ठरलं. जिल्ह्यात ८२,३०९ जणींची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींनी पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागे जवळजवळ एक. हे दोन आकडे एकमेकांशी तोलायचे नाहीत, कारण एक तीन वर्षांचा आणि दवाखान्यांचा, दुसरा एकेका बाईच्या आजवरच्या आयुष्याचा. पण दुसरा आकडा कागद चाळून कधीच मिळाला नसता, तो बायकांच्या तोंडूनच मिळायचा होता. त्यानंतर खासगी दवाखान्यात पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायचं बंधन आलं.

पण तुझ्या कामाची गोष्ट आकड्याच्याही आत आहे. त्या बाईला “पिशवी का काढली?” असं विचारलंस तर ती म्हणणार, “डॉक्टरनं सांगितलं.” झालं, रकाना भरला. तेच तू म्हणालीस, “काढायच्या आधी काय काय होत होतं, ते सांग बरं सुरुवातीपासून,” तर सगळं निघतं. अंगावरून पांढरं जात होतं. फडात आडोसा नाही, पाणी नाही, कापड धुवायची सोय नाही. पाळीत मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायची, कारण नवराबायकोचा मिळून एक कोयता, एकानं दिवस पाडला की दोघांचा खाडा. खाड्याचा दंड, म्हणजे पाचशेच्या आसपासची रक्कम, मुकादमाच्या वहीत उचलीवर चढणार. त्यात कुणीतरी म्हणालं, पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल. दोन लेकरं झालीच होती, मग ठेवायची कशाला? बघ, “का” विचारल्यावर मिळालं एक वाक्य आणि “आधी काय होत होतं” विचारल्यावर निघाला अख्खा हंगाम. “का” या शब्दात नाही म्हटलं तरी जाब असतो गं. आपल्याला लहानपणापासून “का केलंस?” हे ओरडा खाण्याआधीच ऐकायची सवय. त्याऐवजी “कसं”, “कधीपासून”, “मग काय झालं” हे शब्द हाताशी ठेव.

आता दारातून आत कसं जायचं ते ऐक. पहिला नियम, सुनेला भेटायचं असेल तरी आधी सासूशी बोल. तिच्या गुडघ्यांची चौकशी कर, बीपीची गोळी चालू आहे का बघ, “आत्याबाई, तुमच्या वेळी बाळंतपणं कशी व्हायची?” असं विचार. तिला मान मिळाला की तीच म्हणेल, जा गं, आत चुलीपाशी बसा. हे काही नाटक म्हणून करू नकोस. सासूलाही आजवर कुणी काही विचारलेलं नसतं, आणि कधीकधी तिच्याच पोटात मोठं दुखणं निघतं.

दुसरा नियम, रिकाम्या हातांनी समोरासमोर बसू नकोस. शेंगा फोडत असेल तर मूठभर आपल्या पुढ्यात ओढ, तूर निवडत असेल तर सुपाला हात लाव, गोधडी शिवत असेल तर दुसरं टोक धर. नजर कामात असली की जीभ सैल होते. पेन आणि रजिस्टर पिशवीत राहू दे. हो, आणि निवडताना खडे तुरीत टाकू नकोस, मी ते केलंय आणि त्या घरात अजून चिडवतात.

गाय पान्हा चोरते हे तुला मी सांगायला नको. कितीही ओढ, सडातून थेंब येत नाही. वासरू आधी सोडलं, पाठीवरून हात फिरवला की तिचं तिला सुटतं. बाईला गाय म्हणाले म्हणून रागावू नकोस, मला फक्त ओढण्यातला आणि सुटण्यातला फरक सांगायचाय.

तिसरा नियम आडोशाचा, आणि इथं मी कडक आहे. नवरा ओसरीवर बसलेला असताना, जाऊ दारात उभी असताना, शाळेतली मुलगी ऐकत असताना आतलं काही विचारायचं नाही. हा काही माझा भित्रेपणा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरातल्या मारहाणीबद्दल प्रश्न असतात. त्यासाठी एका घरातल्या एकाच बाईची निवड करतात, म्हणजे काय विचारलं ते दुसरीला कळत नाही, आणि एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून द्यायची सूचना असते. एवढ्या मोठ्या पाहणीला रकाना कोरा ठेवलेला चालतो, तर तुझ्या रजिस्टरला का चालू नये? कोरा रकाना पुढच्या खेपेला भरता येतो. नवऱ्यासमोर विचारून तिच्या पाठीवर वळ उठले तर ते मात्र तुला पुसता येणार नाहीत.

आता प्रश्नांची घडण. सगळ्यात वाईट प्रश्न कोणता माहितीये? “काही त्रास नाही ना?” यात उत्तर आपणच भरून देतो. “गोळ्या घेतेस ना?” घेते. “हात धुता ना?” धुतो. कोर्टातसुद्धा याला नाव आहे, सूचक प्रश्न. विचारणाऱ्याला जे उत्तर हवंय ते सुचवणारा प्रश्न, अशी त्याची व्याख्या १८७२च्या पुरावा कायद्यात होती, आणि १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद आहे. आपल्याच साक्षीदाराची सरतपासणी करताना समोरच्यानं हरकत घेतली तर वकिलाला असा प्रश्न न्यायालयाच्या परवानगीशिवाय विचारता येत नाही. उलटतपासणीत चालतो. आता तूच सांग, तू सुनेच्या चुलीपाशी उलटतपासणीला गेली आहेस का?

मग लोहाच्या गोळ्यांचं कसं विचारायचं? “त्या लाल गोळ्यांनी कुणाला मळमळतं, कुणाची शौचाला काळी होते. तुला काय होतं?” असं विचार. न घेणाऱ्या बाईला यात बोलायला जागा मिळते. ती म्हणेल, मळमळायचं म्हणून ठेवून दिल्यात गाडग्यात. गोळ्या गाडग्यात आहेत हे कळलं की पुढचं तुला येतंच, जेवणानंतर घे, चहाबरोबर नको वगैरे. “घेतेस ना?” विचारलं असतंस तर गाडगं जागच्या जागी राहिलं असतं आणि बाळंतपणाला तिचं रक्त कमी भरलं असतं.

शब्दही तिचेच वापर. फॉर्मवर ‘श्वेतप्रदर’ लिहिलेलं असतं. ते मोठ्यानं वाचलंस की समोरची आजी विचारणार, हा कुठला नवा कर? ‘अंगावरून जाणं’ म्हण, ‘धुपणी’ म्हण. पाळीला कुणी ‘अडचण’ म्हणतं, कुणी ‘बाहेरची’ म्हणतं. तू आधी ऐक ती काय म्हणते आणि तोच शब्द उचल. फॉर्मवरचा शब्द फॉर्मसाठी ठेव.

मुलांची मोजणी हा तर आपल्याकडचा नाजूक कोपरा. “किती लेकरं?” असं विचारलंस तर कितीतरी घरांत फक्त मुलग्यांचा आकडा मिळतो. लग्न होऊन गेलेल्या मुली त्यात नसतात, जन्मून गेलेलं बाळ तर नसतंच नसतं. म्हणून मोठ्या पाहण्यांमध्ये हा एक प्रश्न फोडून विचारतात: जवळ राहणारे मुलगे किती, दुसरीकडे राहणारे किती, जवळच्या मुली किती, सासरी किंवा बाहेर असलेल्या किती, आणि जन्मल्यावर रडलं पण राहिलं नाही असं एखादं होतं का. शेवटचा प्रश्न विचारताना आवाज खाली आण आणि उत्तरानंतर लगेच पुढचा रकाना गाठू नकोस. २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. अशा जिल्ह्यात “मुली किती?” हा साधा प्रश्न राहत नाही गं. काही बायका त्याचं उत्तर देताना इकडंतिकडं बघतात.

तारखांचं रडगाणं तू गायलंस तेव्हा मला हसू आलं, कारण त्याचं औषध आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे. “शेवटची पाळी किती तारखेला?” हे तिला आठवत नाही. पण “गौरी बसल्या तेव्हा पूजेला होतीस, का बाजूला?” हे तिला पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी नैवेद्याचा स्वयंपाक जावेला करावा लागला आणि ती अजून ऐकवते! बाजूला बसायची रीत मला पटत नाही, तुलाही पटत नसेल, पण तारीख शोधायला ती उपयोगी पडते. पोळा, घट, दिवाळी, संक्रांत, टोळी निघाली तो दिवस, आठवडी बाजार, असं मागं मागं जात राहा, चार दिवसांच्या फरकानं तारीख सापडते. गरोदरपणाची नोंद बाराव्या आठवड्याच्या आत व्हायला हवी ना? मग दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघायच्या आधीच हे विचारून घे. एकदा ती फडावर गेली की चार-पाच महिने तू तिला गाठू शकणार नाहीस.

वयाचंही तसंच. म्हाताऱ्यांना ७२च्या दुष्काळाचं विचार, खडी फोडायच्या कामावर होत्या का, लग्न झालं होतं का. मधल्या वयाच्यांना किल्लारीच्या भूकंपाचं विचार. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, रात्री गणपती बुडवून माणसं नुकती झोपलेली. तेव्हा कडेवर कोण होतं, पोटात कोण होतं, हे आपल्याकडच्या बायका झोपेतूनही सांगतात. आणि लग्नाचं वय? ते सरळ विचारलंस तर सगळ्यांचंच अठरा पूर्ण. आपल्या जिल्ह्यात २०१९-२१च्या पाहणीत विशीतल्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली, पण उंबऱ्यावर विचारलं की एकही सापडत नाही. “शाळा कितवीत सुटली? मग किती दिवसांनी लग्न?” असं विचार, हिशोब आपोआप लागतो. तोंड मात्र वाकडं करू नकोस. चार-पाच महिने आईबाप उसाला जाणार, वयात आलेली पोर घरी कुणाच्या भरवशावर ठेवणार, हा त्यांच्यापुढचा प्रश्न खरा होता. तुझ्या कपाळावर आठी दिसली की पुढचं बोलणं तिथंच संपेल.

सगळ्यात अवघड काय सांगू? गप्प बसणं. तू प्रश्न विचारतेस, ती थांबते, आणि तुला भीती वाटते की आता काय. मग तू घाईनं दुसरा प्रश्न टाकतेस. बघ, ती थांबली होती ती सांगावं का नको ते ठरवायला. तिला ठरवू दे. एखादी शेंग फोड, दुसरी फोड. बोलली आणि मधेच अडली तर तिचाच शेवटचा शब्द हळूच परत म्हण. ती म्हणाली, “रात्री लई भ्या वाटतं.” तू म्हण, “रात्री?” बस्स. “कुणाचं भ्या? नवरा पितो का?” असं विचारलंस की तिची गोष्ट तुझी झाली.

काही बायका तरीही सरळ बोलणार नाहीत, आडवळणानं बोलतील. त्याचा मान ठेव. आपल्या आज्यांनी मनातलं कुणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगितलंच नाही, जात्याला सांगितलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. १९९६मध्ये आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्याही ध्वनिमुद्रित झाल्या. प्रश्नावली घेऊन गेलं असतं तर त्यांनाही बहुतेक ‘बरंय’च मिळालं असतं. तेव्हा एखादी म्हणाली, “माझ्या एका मैत्रिणीला असं होतंय,” तर मैत्रिणीचं नाव विचारू नकोस. मैत्रिणीसाठीच सल्ला दे, नीट समजावून दे. जिला हवा तिला तो पोचतो.

लिहून घ्यायचं कसं, तेही ऐक. तिच्यासमोर लिहायचं तर काय लिहितेस ते तिला वाचून दाखव. नाहीतर बाहेर पडून पाराच्या कठड्यावर बस आणि विसरायच्या आत उतरव, तिच्याच शब्दांत. ती ‘कंबर मोडून पडती’ म्हणाली असेल तर तेच लिही, ‘कंबरदुखी’ नको, कारण डॉक्टरीणबाईंना त्या दोन्हींतून वेगळं काही कळतं. सासू एक सांगते आणि सून दुसरंच, तर दोन्ही लिही, आपल्या मनानं जुळवाजुळव करू नकोस. याला आपल्याकडं फार जुना आधार आहे बघ. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांना पाहिलेल्या माणसांना विचारून विचारून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या, त्यातून ‘लीळाचरित्र’ झालं. आणि एकाच प्रसंगाचे वेगवेगळे पाठ निघाले तर महानुभाव परंपरेनं तेही जपले, त्यांना ‘वासना’ असं नाव आहे. सातशे वर्षांपूर्वीची माणसं दोन पाठ शेजारी शेजारी ठेवू शकली, मग आपल्यालाच एक ठरवायची घाई कशाला?

आता कुठं थांबायचं ते. ती “नको गं ते” म्हणाली की थांबायचं. डोळे भरले आणि दारात कुणी आलं की विषय भाजीवर न्यायचा. ऐकून थरार वाटतो म्हणून एकही प्रश्न विचारायचा नाही, ज्या उत्तराचं तुला काही करता येणार नाही ते उत्तर मागायचं नाही. आणि एका घरचं दुसऱ्या घरी न्यायचं नाही, नाव न घेतासुद्धा नाही. आपल्या गावात “एका घरी असं झालं” म्हटलं की घर कुठलं ते पोरंसोरंही सांगतात. नवऱ्यालाही सांगायचं नाही. तुझा कितीही देवमाणूस असला तरी!

बोलतं केलंस तर पुढची जबाबदारी तुझी, हे आधीच मनाशी ठरवून जा. म्हणून पदराला काही गाठी पक्क्या असू देत. मार खाणाऱ्या बाईसाठी १८१, जिवावरचं असेल तर ११२. लहान मुलीचं लग्न ठरत असेल तर १०९८. रुग्णवाहिकेला १०८. जिल्ह्याला सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथं राहायची, पोलिसांची आणि वकिलाची मदत एका जागी मिळते, त्याचा पत्ता आणि वेळ आधीच माहिती करून ठेव. पिशवी काढलेल्या बाईला ऑपरेशनचे कागद जपायला सांग, पिशवीबरोबर अंडाशयही काढलंय का ते डॉक्टरांकडून त्या कागदांवर बघून घे. तेही गेलं असेल तर कमी वयातच अंगातून वाफा निघणं, हाडं ठिसूळ होणं हे मागं लागतं आणि ती बिचारी ‘वय झालं’ म्हणून गप्प बसते. आणि जिची पिशवी काढायचं घाटतंय तिला म्हण, थांब, आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, मी येते बरोबर. ‘मी येते बरोबर’ म्हटलंस तर जायचंच. नाही जमणार असेल तर म्हणूच नकोस.

आणखी एक. फिरून जा. तपासणीचा कागद आला, कळवायला जा. काही आलं नाही, तर ‘अजून आलं नाही’ हे सांगायला जा. पहिल्या भेटीत ‘बरंय’ म्हणणारी तिसऱ्या भेटीत बोलते, ते तुझ्या प्रश्नांमुळे नसतं गं. तू बोललीस ते केलंस, ऐकलंस ते पोटात ठेवलंस, हे तिनं तोवर पाहिलेलं असतं.

आणि तुझं काय? दिवसभर दुसऱ्यांची दुखणी ऐकून रात्री तुलाही झोप लागणार नाही काही वेळा. ते साहजिक आहे, त्याला कमकुवतपणा म्हणू नकोस. गटप्रवर्तक ताईंना सांग, नाहीतर मला फोन कर. नावं न घेता, नुसतं तुला काय वाटलं ते बोल. मी मधेमधे बोलणार नाही. बरं, प्रयत्न करेन!

उद्या सगळं गाव पालथं घालू नकोस. यादीतली दोनच घरं निवड, जिथं ‘बरंय’ फार पटकन आलं होतं ती. फॉर्म घरी ठेव, सासूबाईंच्या गुडघ्यापासून सुरुवात कर आणि “काही त्रास नाही ना?” हे वाक्य तोंडातून निघू देऊ नकोस. परवा मला सांग काय झालं ते. आणि आता खरंच उठ, भाकरी गार झाली असेल.